घाटात टाकलेलं आवतण

निलू, दार लावून घे. अरू, तू खाली बस, पलंगावर नको, पलंग हलतो. आणि मधे मधे काही विचारू नका, नाहीतर मी थांबेन, आणि एकदा थांबले की परत सांगणार नाही. मला माहितीय माझं.

तर मी झोपतेय. सकाळची गोष्ट ही, आजचीच. नाइट करून आलेय, नऊ वाजलेत, तुम्ही दोघी लेक्चरला गेलाय. खिडकीवर मी चादर टांगलीय आणि तिच्यातून पिवळा उजेड येतोय. डोळे मिटलेत पण ऐकू सगळं येतंय. खाली मेसच्या मावशी पातेली आपटतायत. पंखा कुरकुरतोय. ते कुर्र कुर्र ऐकता ऐकता मला वाटायला लागतं, हा पंखा नाही, ह्या ताडाच्या झावळ्या आहेत. वारं सुटलं की वाजतात तशा, कोरड्या कोरड्या. पलंग पण झुलतोय जरासा. मी म्हणते असू दे, झोप लागतेय. मग वास येतो. आंबूस, थोडा गोड. ताडीचा वास. मी तो कुठंही ओळखीन, लहानपणी आमच्या घरात दुसरा वासच नव्हता.

आणि पायाशी बा बसलाय.

माझा बा. दिवाळीनंतर ताडावरून पडून गेला तो. तुम्हीच तर मला तेव्हा एसटीत बसवून दिलं होतं, निलूनं डबा दिला होता. तो बा. कमरेला चढायचा दोर, पाठीला कोयता, अंगात काही नाही, नुसता गुडघ्यापर्यंत पंचा. पलंगाच्या अगदी कडेला टेकलाय, पाय वर उचलून धरलेत, चादर मळू नये म्हणून.

“काय गे जयू,” तो म्हणतो, “रातची ड्युटी?”

“हो.”

“किती मान्सं व्हती?”

“बावीस.”

“मेलं का कोनी?”

“नाही.”

“मंग चांगली झाली ड्युटी.”

बस, एवढंच. जसं काही तो रोज येतो. मला भीती वाटत नाहीये, रडू पण येत नाहीये. माझ्या मनात पहिलं काय येतं माहितीय? आत्ता अरू आणि निलू आल्या तर? ह्याच्या अंगात शर्ट नाही. मी उठून कपाटात शर्ट शोधायला लागते. मेलेला बाप चार महिन्यांनी भेटायला आलाय आणि मी शर्ट शोधतेय. कपाटात नुसते आपले पांढरे युनिफॉर्म. एकामागं एक, संपतच नाहीत.

“राहू दे,” तो म्हणतो. “मी बसायला नाय आलो. आवतन घ्याया आलोय.”

“कसलं आवतण?”

“बुधवारी मांडव हाय नं आपल्याकडं. समद्यांना बोलावलं, मला कोनी बोलावलं नाय.”

हे तुम्हाला माहितीय, बुधवारी माझ्या भावाचं, जितेशचं लगीन आहे. मागच्या वर्षी होणार होतं, तुम्ही दोघी येणार होता, अरूनं तर ड्रेस शिवला होता, आणि ते पुढं गेलं. का गेलं ते मी तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. मुलीकडचं कोणी वारलं नव्हतं. थांब, अरू, येते मी त्याच्यावर. मला क्रमानं सांगू दे.

मी बाला म्हणते, इथं हॉस्टेलमध्ये असं वर येता येत नाही, पुरुषांना तर नाहीच, खाली वहीत नाव लिहावं लागतं. तो लगेच उठतो. नियम म्हटला की बा ऐकायचा, शाळेत पण माझ्या सरांपुढं उभाच राहायचा. आम्ही जिना उतरतो. आपलाच जिना, तीच ती हिरवी भिंत, पण पायऱ्या नाहीत, नुसत्या खाचा आहेत. ताडाला पाडतात तशा, एक पाऊल मावेल एवढ्या. बा पाठमोरा, सवयीनं उतरतोय आणि खालून मला सांगतोय, डावा ठेव, आता उजवा, खाली नको बघू. मला खाली दिसतंय ते व्हरांड्यातलं टेबल. फार लांब, बारीकसं.

टेबलाशी वॉर्डन मॅडम. त्यांना बाचं काहीच वाटत नाही. वही पुढं सरकवतात. बाला सहीपुरतं येतं लिहायला. जीभ बाहेर काढून तो लिहितो, रावजी खेवरा. मग पुढचा रकाना. मॅडम बोट ठेवतात आणि विचारतात, “विवाहित का?”

बा माझ्याकडं बघतो.

“काय लिवू गे?”

रागानं नाही विचारत. खरंच विचारतोय, जसं फॉर्म भरताना मला विचारायचा. आणि मी काय करते, मी त्या रकान्यावर हात ठेवते. पंजा असा पसरून. मागं रांग आहे, त्या रांगेत तुम्ही दोघी आहात, अरूच्या आई आहेत, निलूच्या अम्मी आहेत, सगळ्या मान उंच करून बघतायत, आणि मी हात दाबून धरलाय की कोणाला दिसू नये.

आता हे सांगते.

पहिल्या वर्षाचा पहिला आठवडा आठवतो? निलूनं तिच्या अम्मी-अब्बूंच्या निकाहचा अल्बम आणला होता. अम्मीच्या तोंडावर फुलांच्या माळा, आणि आपण हसत होतो की अब्बूंना आतलं कोण आहे ते तरी कळलं का. मग अरूनं फोनमध्ये दाखवला, तिच्या आई-पप्पांचा, कराडचा, पप्पांनी टोपी घातलेला तो फोटो. आणि मग दोघी माझ्याकडं वळलात. तुझ्या आईबाबांचा दाखव. मी काय म्हटलं? म्हटलं, पुरात गेला. आमच्या पाड्यात पाणी शिरलं आणि अल्बम वाहून गेला. तुम्ही किती हळहळलात. अरू, तू मला दुसऱ्या दिवशी ती प्लास्टिकची फाइल आणून दिलीस, पुढं तरी फोटो भिजू नयेत म्हणून. मी ती अजून वापरते. तिच्यात माझे रिपोर्ट आहेत. रोज उघडते आणि रोज मला तो पूर आठवतो.

आमचा पाडा डोंगरावर आहे गं. तिथं पूर कुठून येणार?

अल्बम नव्हता, कारण लगीनच नव्हतं. आम्ही वारली. आमच्यात असं असतं की मुलगा-मुलगी राहायला लागतात, घर करतात, पोरंबाळं होतात, सगळं पाड्याला मान्य असतं, कोणी तोंड वाकडं करत नाही. लगीन मागाहून. दोन वर्षांनी, दहा वर्षांनी, कधी जमेल तेव्हा. माझी वहिनी तीन वर्षं झाली आमच्याकडे आहे, त्यांची पोर दोन वर्षांची आहे, ती ह्या बुधवारी आईबापाच्या मांडवात नाचणार आहे. आमच्याकडे ह्यात कोणाला काही वाटत नाही. फक्त एक आहे. आईबापाचं लगीन लागल्याशिवाय पोराचं लागत नाही. राहिलं असेल तर एकाच मांडवात, आधी त्यांचं, मग पोराचं.

माझ्या आयचं आणि बाचं राहिलं होतं. बावीस वर्षं.

तर मागच्या वर्षी ठरलं, जितेशच्याच मांडवात आय-बाचं पण लावायचं. माझी आत्या, लाडकी आत्या, ती धवलेरी आहे. आमच्यात लगीन ब्राह्मण नाही लावत, धवलेरी लावते. बाईच असते ती, गाणी म्हणत म्हणत लावते, तास तास. आत्यानं सगळं ठरवलं, भिंतीवर देवीचा चौक कोणी काढायचा ते पण ठरलं. आयनं तिच्या लगनाचं लुगडं आणलं, पिवळ्या काठाचं. ती मला दाखवताना लुगड्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. आणि मी इकडं तुम्हाला सांगून बसले होते, या या, वारली लगीन बघायला या, चौक बघा, फोटो काढा. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की तुम्ही येणार म्हणजे तुम्ही माझ्या आयला बाशिंग बांधलेलं बघणार. चाळीस वर्षांची बाई. पुढचे दोन दात पडलेली. आणि शेजारी बा. आणि मग निलू म्हणणार, अल्बम वाहून गेला होता ना?

हसू नका. तेव्हा मला खरंच मरून जावंसं वाटत होतं.

बरं, व्हरांड्यातच आहोत आपण. वहीवर माझा हात आहे. मॅडम म्हणतात, रकाना रिकामा असेल तर आत सोडता येणार नाही. बा म्हणतो, बरं. आणि वही मिटून हळूच बाजूला ठेवतो, जसं काही ती त्याच्यामुळं मळली.

मग आम्ही स्किल लॅबमध्ये आहोत. कसे आलो माहीत नाही. तीच आपली लॅब, बारा खाटा, खाटांवर ते रबरी पेशंट. पण जमीन शेणानं सारवलीय, ओली आहे, आणि समोरच्या भिंतीवर पांढऱ्या फळ्याच्या जागी चौक काढलाय. तांदळाच्या पिठाचा, पांढराशुभ्र. मधे पालघट देवी, भोवती झाडं, माणसं, मोर, आणि एक घोडा. घोड्यावर नवरा-नवरी असतात, तर नवरी आहे, पुढची जागा मोकळी. लाडकी आत्या बांबूची काडी पिठात बुडवते, त्या मोकळ्या जागेपाशी नेते, थांबते, परत बुडवते. पीठ टपटप खाली गळतंय. ती गाणं म्हणतेय पण एकच ओळ, पुढं जातच नाही.

आणि शेवटच्या खाटेवर आय बसलीय. भिंतीकडं तोंड करून.

हे स्वप्नातलं नाही, हे खरं पण तसंच आहे. परवा जितेशचा फोन आला. म्हणाला, आय पाटावर बसत नाही म्हणते. तर आत्याचं म्हणणं असं की बा नाही तर बाचा कोयता पाटावर ठेवू, कोयत्याला बाशिंग बांधू, आयला शेजारी बसवू, लगीन लागेल. आत्याच्या आजेसासूनं असं एकदा केलेलं तिनं पाहिलंय. म्हणजे आयचं लागेल, मग जितेशचं लागेल. आणि बा पण बिनलगनाचा राहणार नाही. आत्याला तेच खातंय, भाऊ हळद न लागता गेला म्हणून. सगळे तयार. आयच नाही. मी म्हटलं, दे तिला फोन. आय म्हणाली, “जित्तेपनी नको म्हनला तो. आता त्याला बोलता येत नाय, तं त्याच्या कोयत्याला बाशिंग बांधू? माझ्याच्यानं नाय व्हायचं.”

आणि मी? म्हटलं, बरं आय, नंतर बोलू, ड्युटी आहे. ड्युटीला अजून दोन तास होते.

कारण बा नको म्हणाला नव्हता. मी म्हणाले होते.

मागच्या वर्षी, सुट्टी संपवून मी परत निघाले तेव्हा बा मला फाट्यापर्यंत सोडायला आला. वाटेत त्यानं पळसाच्या पानाची एक पुडी दिली. आत हळदीचे तांदूळ. आमच्यात आवतण कार्डानं नाही देत, घरोघर जाऊन उंबऱ्यावर हळदीचे तांदूळ ठेवतात. जाणत्या माणसानंच ठेवायचे. बा म्हणाला, “तुझ्या मैतरणी लांबच्या. मला तेवढं येता नाय येत. माझ्या नावानं तू ठेव त्यांच्या उंबऱ्याव.” तुमच्यासाठी होती ती पुडी. आणि तेव्हाच मी बोलले. एसटी लांबून दिसत होती, म्हणून धीर झाला, की बोलून लगेच चढता येईल. म्हटलं, बा, त्या येणार आहेत. त्यांच्यासमोर तू आणि आय बाशिंग बांधून बसणार? त्यांच्यात असं नसतं. त्या काय म्हणतील?

बानं काय केलं, बानं आधी एसटीला हात दाखवला, थांबावी म्हणून. मग म्हणाला, “मंग नाय बसत.”

एवढंच. माझी बॅग वर चढवून दिली.

संध्याकाळी जितेशचा फोन आला, की बा घरी आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, माझी दाढी पिकली, मला लाज वाटते, मी काय पाटावर बसत नाही, पुढल्या वर्षी बघू. आयनं लुगडं घडी करून कणगीत टाकलं, भाताच्या खाली. दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. नंतर बोलली, पण लगनाचा विषय परत कधी निघाला नाही. बानं माझं नाव घेतलं नाही. एकदा पण नाही. आणि दिवाळीनंतर तो पडला. म्हणजे आय आजपर्यंत हे धरून बसलीय की बावीस वर्षं ज्याच्याबरोबर राहिले त्याला माझ्याशी लगीन करायची लाज वाटली. आणि मी तिला हे धरून बसू दिलं.

निलू, हात नको धरू. अजून संपलं नाही.

लॅबमध्ये मी बाला म्हणते, तू जा ना तिच्याकडं. तीच आहे ती. तू सांग तिला, की मी नको म्हणालो नव्हतो.

“मी तं म्हनलो,” बा म्हणतो. “समद्यांपुढं म्हनलो.”

“पण ते खोटं होतं.”

“माझ्या तोंडून गेलं नं. आता माझं तोंड तिथवर पोचत नाय.” आणि तो मला करून दाखवतो. आयच्या मागं जाऊन हाक मारतो, मथी, गे मथी. तोंड हलतंय, आवाज ताडाच्या झावळ्यांचा येतोय. आय पदर डोक्यावर ओढून घेते, वारं सुटलं असं वाटून.

मला तिथून पळायचंय. मी पळते पण. लॅबचं दार उघडते तर बाहेर एसटी उभी आहे, आत कोणी नाही, मी खिडकीशी बसते आणि गाडी सुटते. मोखाड्याच्या अलीकडचा तो घाट. ऊन आहे. रस्ता चकाकतोय, डांबर पाघळलंय. आणि मला मागच्या खिडकीतून दिसतंय, रस्त्यावर कोणीतरी वाकून चालतंय. वाकतंय, काहीतरी उचलतंय, दोन पावलं टाकतंय, परत वाकतंय. गाडी पुढं जातेय तरी ते माणूस तेवढंच जवळ. कमरेला दोर आहे.

अरू, तू विचारलंच नाहीस की पुडीचं काय झालं.

ती पुडी मी घाटात फेकली. मांडीवर होती, पान सुकून फाटलं, हळद माझ्या वहीला लागली. म्हटलं, आता काय उपयोग हिचा. हॉस्टेलवर नेली तर विचाराल हे काय. खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओतली. दाणे उडाले मागं, पिवळे. मला मोकळं वाटलं होतं तेव्हा. खोटं कशाला बोलू, खूप मोकळं वाटलं होतं.

बाला जिवंतपणी हे माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं, मी सोडून.

मी गाडीतून उतरते. गाडी कधी थांबली माहीत नाही, मी रस्त्यावर आहे, चप्पल नाही, डांबर पायाला चिकटतंय. बा वर बघत नाही. बोटानं दगड बाजूला करतोय, पालापाचोळा चाळतोय. ताडावर चढून चढून त्याच्या बोटांची टोकं कशी झाली होती, लाकडासारखी, त्यानं बारीक दाणा उचलता येत नाही, निसटतो. तो परत धरतो.

“काय करतोस बा?”

“येचतो.”

“कधीपासून?”

“इथं दिवस नाय कळत गे.” मग कंबर धरून उभा राहतो. पंच्याच्या गाठीत बोट घालून चाचपतो. “लय गेले. पाखरांनी खाल्ले, गाड्यांखाली गेले. पाच घावले.”

मी म्हणते, बा, मी चुकले. मी म्हणते, मला लाज वाटली होती. मी हे इतक्या जोरात म्हणते की घाटात घुमतं, लाज वाटली होती, वाटली होती. तो ऐकतो. तो नाही म्हणत की असू दे. मला वाटत होतं तो म्हणेल, असू दे पोरी. तो म्हणायचा ना नेहमी. नाही म्हणत. माझ्याकडं नीट बघतो आणि म्हणतो,

“मला लय चांगलं वाटलं असतं बाशिंग.”

बस.

मग तो माझा हात उघडतो, एकेक बोट, जसं लहान मुलाच्या मुठीतलं काही काढून घेतात तसं, पण तो दाणा ठेवतोय. पाच वेळा. मुठीवर त्याची मूठ दाबतो. खरखरीत आहे, गरम आहे. म्हणतो, “जाणतं मानूस पायजे आवतन द्याया. आता घरात तूच शिकलेली.” आणि वर बघतो. घाटाच्या मधोमध रस्त्यातून एक ताड उगवलाय, सरळ, त्याला टोकच दिसत नाही. बा कमरेचा दोर त्याच्याभोवती टाकतो. मी म्हणते नको, चढू नको, तू पडशील. तो हसतो.

“आता कुठून पडू गे.”

आणि झावळ्या वाजायला लागतात, कुर्र, कुर्र, आणि तो पंखा असतो.

मी जागी होते तर साडेबारा वाजलेत. चादरीतून ऊन थेट तोंडावर. खाली मावशी कोणाला तरी ओरडतायत, पोळ्या संपल्या म्हणून. माझी उजवी मूठ मिटलेली आहे. इतकी घट्ट की नखं रुतलीत, हे बघा, वळ अजून आहेत. मी ती उघडत नाही. खरं सांगते, उघडायची हिंमत नव्हती. मी डाव्या हातानं फोन घेतला आणि आयला लावला.

तिनं उचलला तेव्हा मागं कोंबड्या ओरडत होत्या. मी हॅलो पण म्हटलं नाही. म्हटलं, आय, बा नको नव्हता म्हणाला. मी त्याला नको म्हणायला लावलं. फाट्यावर. माझ्या मैत्रिणी बघतील म्हणून. त्यानं माझ्यासाठी स्वतःवर घेतलं. एका दमात बोलले, मधे श्वास पण घेतला नसेल.

मला वाटलं फोन कट झाला. कोंबड्या मात्र ऐकू येत होत्या.

मग तिनं विचारलं, “तुला लाज वाटली ती माझी, का त्याची?”

मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल. मी म्हटलं, “दोघांची.”

“हां,” ती म्हणाली.

जितेशची पोर मागं काहीतरी मागत होती, आयनं तिला काहीतरी दिलं, भांडं वाजलं. मी फोन कानाला धरून तशीच. मग ती म्हणाली, “लुगडं कणगीत हाय. उंदरांनी खाल्लं नसलं म्हंजे झालं.” आणि मला कळेना ह्याचा अर्थ काय, म्हणून मी विचारलं, आय, म्हणजे तू बसणार? तर म्हणते, “त्याला बसायचं व्हतं नं? मंग मी कोन नाय म्हननारी.” फोन ठेवताना म्हणाली, “त्या तुझ्या मैतरणींना घेऊन ये. पुढं बसव त्यांना. नीट बघू दे मला.”

हे तिनं रागानं म्हटलं की कसं, मला अजून कळलं नाही. तीन तास झाले, मी तेच घोळवतेय. मला वाटतं दोन्ही असेल. मला वाटतं बुधवारी मांडवात ती पाटावर बसेल, शेजारी कोयता असेल, आणि ती देवीकडं नाही, माझ्याकडं बघत असेल. बघू दे. मी पण बघणार आहे. ह्या वेळी मान खाली नाही घालणार, कितीही वाटलं तरी.

मग मी मूठ उघडली.

नाही, अरू, हळद लावून मी स्वतः नाही बनवले. आपल्या खोलीत तांदूळ आहेत का? मेसमध्ये कोण देणार मला हळदीचे तांदूळ? तू इकडं ये उजेडात. मोज. पाच आहेत. हा तुटका आहे, तो अख्खा. आणि हा बघ, ह्याच्या एका बाजूला काळं दिसतंय ना? मी पण आधी म्हटलं मळ असेल. पाण्यानं धुतला, साबणानं धुतला. नखानं खरवडून बघ तू. डांबर आहे ते.

आता दोघी उठा आणि दाराबाहेर जा. जा ना, सांगते ते करा. चपला काढून, त्या बाजूला उभ्या राहा. मी आतून उंबऱ्यावर ठेवते. तुमचं आवतण एक वर्ष राहिलंय.

रावजी खेवऱ्याचं लगीन आहे बुधवारी, मथीशी. त्याच मांडवात त्याच्या पोराचं. त्यानं बोलावलंय.

उचला.